वादळ येणार, आणि नवरा म्हणतो ‘मी हलणार नाही’

ताई, नमस्कार.

आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाजवळ ओल्ड्समारला राहतो. दुमजली टाउनहाउस आहे, २००६ सालचं, स्वतःचं. इव्हॅक्युएशनचा, म्हणजे वादळाआधी घर सोडून निघायचा, आमचा झोन ‘बी’; ‘ए’वाल्यांना सगळ्यात आधी निघावं लागतं. २०२४ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने हेलीन आणि मिल्टन अशी दोन हरिकेन आली. हेलीनच्या वेळी आमच्या झोनला निघायचा हुकूम नव्हता, म्हणून थांबलो. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. मिल्टनच्या वेळी हुकूम निघाला. लेकीला घेऊन अटलांटाची वाट धरली. एरवी सात तासांचा रस्ता, आम्हाला सोळा तास लागले. चार रात्री हॉटेलात काढून परतलो तर घर जसंच्या तसं, फ्रीजमधलं तेवढं नासलेलं. तेव्हापासून नवरा ठाम आहे: ‘पुन्हा हलणार नाही. घर नव्या कोडचं आहे. पाणी आलंच तर वरच्या मजल्यावर बसू.’

यंदा जुलैपासून सहा महिने सासू-सासरे आमच्याकडे आहेत. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. इन्सुलिन घेतात, रात्री सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन) लावून झोपतात, गुडघ्यांमुळे जिना चढणं कठीण. ते मूळचे श्रीवर्धनचे. म्हणतात, ‘निसर्ग वादळ आम्ही घरात बसून काढलं, तुमच्या वादळाचं काय कौतुक!’ सासूबाईंचं वेगळंच. मिल्टन आला तेव्हा घट बसलेले होते. मी अखंड दिवा शांत करून निघाले हे त्यांना फोनवर कळलं, ते अजून त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

एका मैत्रिणीचं घर वेस्ली चॅपलला आहे. पण पाच माणसं कुणाच्या घरी कशी जाणार? भांडण नकोय, पण मला भीती वाटते. जायचं की राहायचं, हे ठरवायचं कसं?

अ. क., ओल्ड्समार

प्रिय अ.,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. झोन बीला हुकूम निघाला की उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, घरात मतदान घ्यायचं नाही. सासू-सासरे आहेत त्या सहा महिन्यांत तर नुसता झोन एला हुकूम निघाला तरी तुम्ही निघायचं. आणि अटलांटाला मुळीच जायचं नाही. वेस्ली चॅपलला जायचं.

आता तुझ्या नवऱ्याकडे वळते. त्याला अडाणी ठरवून तुझं काम होणार नाही, आणि तो अडाणी नाहीच. सोळा तास गाडीत, मागच्या सीटवर कंटाळून रडणारी पोर, एक्झिटमागून एक्झिट कोरडे पंप, आणि परतल्यावर घराचा टवकाही उडालेला नाही. कुणीही म्हणेल, झक मारली आणि गेलो. पण ‘काही झालं नाही’ हे नेमकं का झालं नाही, ते एकदा त्याच्यासोबत नकाशा उघडून बघ.

आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळाचं केंद्र तुमच्या दक्षिणेकडून किनाऱ्यावर चढलं, तर तुमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि खाडीचं पाणी बाहेर ढकलतो. केंद्र उत्तरेकडून गेलं, तर वारा गल्फचं, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताचं, पाणी खाडीत कोंबतो. टॅम्पा बे उथळ आहे, तोंड गल्फकडे, आणि ओल्ड्समार तिच्या वरच्या टोकाला. कोंबलेलं पाणी शेवटी तुमच्याच दारात येणार. मिल्टन ९ ऑक्टोबरच्या रात्री सारासोटाजवळ सिएस्टा कीला चढलं, म्हणजे तुमच्यापासून पन्नासेक मैल दक्षिणेला. खाडी भरण्याऐवजी ओसरली. आदल्या दिवशीपर्यंत टॅम्पा बेसाठी दहा ते पंधरा फुटांचा अंदाज होता, आणि तो अंदाज कोरड्या जमिनीवर किती पाणी चढेल याचा असतो. दोन दिवस आधीच्या अंदाजात केंद्राची जागा सरासरी साठेक मैल इकडेतिकडे होतेच. म्हणजे तुमचं घर जसंच्या तसं राहणं आणि तळमजला छतापर्यंत बुडणं, यात जे अंतर होतं ते अंदाजातल्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठं नव्हतं. निघालात तेव्हा हे कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. तुझ्या नवऱ्यालाही नव्हतं.

आणि हेलीन? ते तर तुमच्या बाजूला फिरकलंही नाही. शंभर मैलांहून जास्त अंतर राखून गल्फमधून सरळ वर गेलं आणि २६ सप्टेंबरच्या रात्री पेरी गावाजवळ जमिनीवर आलं. तरी तुमच्या खाडीत सहा-सात फूट पाणी चढलं. तुमच्याच पिनेलस कौंटीत दहाहून अधिक माणसं गेली, त्यातली बरीच आपल्याच घरात. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जे आलं, ते इतक्या लांबून जाणाऱ्या वादळाचं पाणी होतं. तुझा नवरा त्या रात्रीकडे ‘आपण वाचलो’ म्हणून बघतो. मी म्हणेन, पाणी तुमच्यापर्यंत यायला किती थोडं कमी पडलं ते त्या रात्री दिसलं. वाद पुन्हा निघाला तर मिल्टन बाजूला ठेव आणि हेलीनबद्दल बोल.

२०२२ च्या आयनची गोष्टही त्याला आठवत असेल. आधीचे अंदाज टॅम्पाकडे बोट दाखवत होते. वादळ दक्षिणेला वळलं, टॅम्पाची खाडी इतकी ओसरली की लोक तिच्या तळावर फिरायला गेले, आणि तिकडे फोर्ट मायर्स बीचला दहा ते पंधरा फूट पाणी चढलं. तिथल्या ली कौंटीने निघायचा हुकूम दिला तो वादळ येण्याच्या जेमतेम एक दिवस आधी. चाळीसेक माणसं त्या पाण्यात बुडाली, बरीचशी म्हातारी. टीव्हीवर वादळाच्या संभाव्य वाटेचा जो पांढरा, शंकूसारखा ‘कोन’ दाखवतात, त्याच्या मधल्या रेषेवर नजर लावून बसणाऱ्यांचा असा घात होतो. तो कोन फक्त केंद्र कुठून जाईल एवढंच सांगतो, तेही तीनातल्या दोन वेळा. वादळ केवढं पसरलंय आणि पाणी कुठवर येईल, यातलं काहीही त्या कोनात नसतं.

घर नव्या कोडचं आहे, हा मुद्दा खरा आहे. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने होमस्टेड गाव भुईसपाट केलं, त्यानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून ते राज्यभर लागू झाले. त्यानंतरची घरं वाऱ्यापुढे खरोखर टिकतात. पण ते सगळं वाऱ्यासाठी. कॅटेगरी एक ते पाच हीसुद्धा फक्त वाऱ्याची मोजणी आहे, पाण्याचा तिच्याशी संबंध नाही. आणि माणसं मरतात ती पाण्याने. अमेरिकेतल्या पन्नास वर्षांच्या हरिकेनच्या नोंदी तपासल्या तेव्हा दहातले नऊ थेट मृत्यू पाण्याचे निघाले, त्यातले निम्मे या समुद्राच्या चढलेल्या पाण्याचे, ज्याला इथे सर्ज म्हणतात. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. ते दार ढकलत येतं तेव्हा खिडकीची काच कुठल्या सालची आहे हे विचारत नाही.

इथे एक घोळ बहुतेक जण करतात, तुमच्याकडेही झाला असेल. विम्याच्या कागदावरचा फ्लड झोन वेगळा आणि इव्हॅक्युएशनचा झोन वेगळा. ‘आम्ही झोन एक्समध्ये आहोत, आम्हाला पुराचा धोका नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक मी पाहिलेत. तो एक्स बँकेच्या आणि विमा कंपनीच्या कामाचा. हुकूम निघतो तो ए, बी, सी अशा अक्षरांवर, आणि ती अक्षरं कौंटीच्या साइटवर पत्ता टाकला की मिळतात. नकाशे अधूनमधून बदलतात, तेव्हा तुमचं ‘बी’ अजून ‘बी’च आहे ना, हे एकदा बघून घे.

आता वरचा मजला. समज, खाली चार-पाच फूट पाणी आहे. वीज गेलीय. त्याच पाण्यात मैला आहे, गराजमधलं तेल आहे. गाडी इलेक्ट्रिक असेल तर खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅटरी पेट घेऊ शकते, हेलीननंतर असे प्रकार झाले. वारा ताशी चाळीस मैलांच्या आसपास गेला की नाइन-वन-वनच्या गाड्या बाहेर पडत नाहीत. फोन उचलतील, धीर देतील, येणार नाहीत. वर तुम्ही पाच जण. सासऱ्यांना जिना आधी चढवून ठेवावा लागेल. रात्री सीपॅप चालणार नाही. शुगर एकदम उतरली तर साखर वर नेलीय की खाली ओट्यावर राहिलीय? नवऱ्याशी बोलताना मी हेच विचारेन. ‘तू घाबरत नाहीस, मान्य. रात्री दोन वाजता बाबांना घाम फुटला तर तू काय करशील, ते क्रमाने सांग.’ तावातावाने बोलू नकोस, खरंच विचार. स्वतःच्या धाडसाबद्दल माणूस तासभर बोलेल. वडिलांबद्दल असं विचारलं की विचार करायला लागतो.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि माझी खात्री आहे की त्याची खरी तक्रार घर सोडण्याची नाहीच. ती त्या सोळा तासांची आहे. आणि त्या बाबतीत त्याचं शंभर टक्के बरोबर आहे.

मी ह्यूस्टनची. आमच्याकडे २००५ ची रीटा अजून कुणी विसरलेलं नाही. कॅटरीनाला महिनाही झाला नव्हता, न्यू ऑर्लिन्सची दृश्यं डोळ्यांसमोर होती, आणि सगळं शहर एकदम रस्त्यावर आलं. पंचवीस लाखांहून जास्त माणसं. यात ज्यांना निघायची गरजच नव्हती, असे लाखो होते. डॅलसचा चार तासांचा रस्ता लोकांना वीस-वीस तास पुरला. एसी लावला तर पेट्रोल संपेल म्हणून भर उन्हात काचा खाली करून बसलेली म्हातारी माणसं, रस्त्याच्या कडेला दार उघडं टाकून उभ्या गाड्या. वृद्धाश्रमातल्या रुग्णांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, तेवीस जण गेले. वादळ शेवटी लुइझियानाच्या हद्दीकडे वळलं. त्या निघण्याच्या गर्दीत आणि उकाड्यात शंभराहून अधिक माणसं गेली, खुद्द वादळाने त्या मानाने फारच थोडी. म्हणून डोळे मिटून ‘पळा’ असं मी कुणालाच सांगत नाही. पळण्यालाही किंमत असते.

फ्लोरिडाचे अधिकारी आता हेच ओरडून सांगतात: शेकडो मैल जाऊ नका, दहा-वीस मैल पुरतात. पाण्यापासून लांब जायचं, आणि वाऱ्यासाठी भक्कम घरात शिरायचं. बस. वेस्ली चॅपल आत आहे, उंचावर आहे. मैत्रिणीचा पत्ता कौंटीच्या साइटवर टाकून तिचं घर कुठल्याच झोनमध्ये येत नाही ना, एवढं पाहून घे. शिवाय तुम्ही खाडीच्या उत्तरेला आहात, मोठा पूल ओलांडायची गरज नाही. सेंट पीटर्सबर्गवाल्यांचं तसं नाही. वारा चढला की स्कायवे बंद होतो, मग बाकीचे पूलही.

उत्तरेला पळण्याबद्दल अजून एक. वादळ बहुधा त्याच दिशेने येतं. हेलीनने सगळ्यात मोठा कहर केला तो समुद्रापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, ॲशव्हिलच्या आसपास. अटलांटातही रस्ते पाण्याखाली गेले. तुम्ही मिल्टनऐवजी हेलीनला अटलांटा गाठलं असतं, तर वादळाच्या आधी पोचून त्याचीच वाट बघत बसला असता.

तेव्हा नवऱ्यापुढे प्रस्ताव ठेवायचा तो असा: ‘अटलांटा कायमचं बंद. आपण पाऊण तासावर जाऊ, फार तर दोन रात्री.’ माझा अंदाज आहे, निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता मैत्रीण. पाच माणसं कशी जाणार, हा संकोच मला पुरेपूर कळतो. आपल्याकडे लग्नाला पन्नास माणसं घरात झोपवतील, पण अमेरिकेत आलं की दोन रात्रींसाठी विचारायला जीभ रेटत नाही. तिला आजच विचार. वादळ गल्फमध्ये असताना विचारलंस तर तिला ‘नाही’ म्हणता येणार नाही, आणि तो खरा आगाऊपणा. आज विचारलंस तर ती मोकळेपणाने सांगेल, घरी कोण असतं, किती गाद्या आहेत. आपलं अंथरूण-पांघरूण, पाण्याचे कॅन, कॅम्पिंगची शेगडी, डाळ-तांदूळ, पोह्यांचं पीठ, सगळं तू घेऊन जा. शेगडी मात्र बाहेर अंगणातच पेटवायची. ती नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नकोस. आतल्या भागातलं एखादं हॉटेल, आणि तेही नसेल तर कौंटीचं शेल्टर. शेल्टरमध्ये व्हिसा विचारत नाहीत. बाबांचं मशीन विजेवर चालतं, तर खास गरजेच्या रुग्णांच्या शेल्टरसाठी कौंटीकडे आधी नाव नोंदवता येतं. ते मैत्रीण हो म्हणाली तरी नोंदवून ठेव.

वेळेचं गणित साधं आहे. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर सकाळी पाच आणि अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा असं बुलेटिन काढतं. तेवढंच वाचायचं. मधल्या वेळात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत रेषा आणि छातीत धडकी भरवणारे यूट्यूबवाले बघून कुणाचंही भलं झालेलं नाही. त्याच साइटवर एक नकाशा असतो, जोराचा वारा तुमच्याकडे लवकरात लवकर कधी पोचेल ते सांगणारा. वादळाच्या केंद्राची वेळ विसर, तुझी मुदत ती ही. मिल्टनचंच बघ. शनिवारी त्याचं बारसं झालं, सोमवारी ते पाचव्या कॅटेगरीला पोचलं आणि तुम्हाला हुकूम निघाला, बुधवारी रात्री ते किनाऱ्यावर. म्हणजे सोमवारी संध्याकाळी बॅगा, मंगळवारी सकाळी गाडी. मंगळवारी संध्याकाळी ‘अजून एक बुलेटिन बघू’ म्हणणारा माणूस बुधवारी रस्त्यावर नाही तर घरात अडकतो. म्हणून हे आताच ठरवा, डोकी थंड असताना. कागदावर दोन ओळी: कुठल्या झोनचा हुकूम निघाला की निघायचं, आणि किती तासांत. खाली दोघांच्या सह्या. हसू नकोस, सही केलेला माणूस भांडताना अडखळतो.

सासऱ्यांशी निसर्गवरून वाद घालायला जाऊ नकोस. त्यांनी जे पाहिलं ते मोठंच होतं. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरचा वारा, श्रीवर्धनची सुपारी आणि नारळ आडवे, कौलं-पत्रे गेले, वीज कित्येक आठवडे नाही. त्यांना एवढंच सांग की तो वारा इथल्या पहिल्या कॅटेगरीच्या पलीकडचा नव्हता, आणि तिसरी कॅटेगरी ताशी एकशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटरला सुरू होते. शिवाय कोकणात समुद्राकडे पाठ करून जरा चाललं की चढ लागतो. फ्लोरिडात अर्धा तास गाडी हाकली तरी जमीन पोळपाटासारखीच. आणखी एक आठवण करून दे. निसर्गच्या वेळी कच्च्या घरांतल्या लोकांना सरकारने शाळांमध्ये हलवलं होतंच. ओडिशात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ च्या फायलिनला सुमारे दहा लाख लोकांना आधी हलवलं आणि मृतांचा आकडा दोन अंकांतच राहिला. आपल्याकडे तलाठी, पोलीस, गाडी घेऊन दारात येतात. अमेरिकेत हुकूम सक्तीचा म्हणवतो, पण हाताला धरून कुणी नेत नाही. ते काम घरातल्याच कुणालातरी करावं लागतं, आणि तुमच्या घरात ते तुझ्यावर आलंय असं दिसतंय.

बाबांच्या औषधांची पिशवी सगळ्यात आधी. ते पुण्या-मुंबईहून सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन आले असणार. त्या भिजल्या तर इथल्या फार्मसीत भारतातलं प्रिस्क्रिप्शन चालत नाही. अर्जंट केअर, मग नवं प्रिस्क्रिप्शन, आणि व्हिजिटर इन्शुरन्सवाले जुन्या आजाराला हात लावायला नाखूश. चालू असलेलं इन्सुलिन पेन बहुतेक वेळा फ्रीजबाहेर अठ्ठावीस दिवस चालतं, सोबतच्या कागदावर बघून घे. न उघडलेलं थंड पिशवीत, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नकोस, गोठलं की ते गेलं. सीपॅपची बॅटरी मिळते, मागवून ठेव. पासपोर्ट, तुमचे आय-७९७ (इमिग्रेशनच्या मंजुरीचे कागद), घराचे कागद एका झिपलॉकमध्ये. प्रत्येक खोलीचा फोनवर व्हिडिओ, कपाटं उघडून.

सासूबाईंची रुखरुख मला खोटी वाटत नाही. सप्टेंबरचा मध्य म्हणजे हरिकेनचा ऐन भर, आणि आपले गणपती, घट त्याच्याच मागेपुढे. दरवर्षी हे येणारच. दिवा जळता ठेवून रिकामं घर सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण, हे त्यांनाही मान्य होईल. पण तू शांत केलास आणि त्यांना नंतर कळलं, दुखणं ते आहे. या वेळी निर्णयच त्यांच्याकडे दे. ‘आई, घट बसलेले असताना निघायची वेळ आली तर काय करायचं, ते तुम्ही सांगा.’ कुलाचार त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या म्हणतील देव सोबत घेऊ, टाक आणि बाळकृष्ण डब्यात, दिवा मैत्रिणीकडे पुन्हा लावू. किंवा गावच्या गुरुजींना फोन लावतील. काहीही ठरवोत. ज्या बाईकडे देवांचा डबा आहे, ती निघताना दारात अडून बसत नाही. उलट तीच बाबांना म्हणेल, ‘उठा, चपला घाला.’

आणि हे सगळं करूनही नवरा म्हणाला, तुम्ही जा, मी थांबतो? मग तू जा. लेक, सासू-सासरे आणि औषधांची पिशवी घेऊन, ठरलेल्या वेळी, दुसऱ्या गाडीने. तोंडातून एकही टोमणा न काढता. त्याला वळवण्यासाठी तू शेवटच्या तासापर्यंत थांबलीस तर त्याच्या एका निर्णयात पाच माणसं अडकतील. हार्वी वादळाच्या वेळी टेक्सासात रॉकपोर्टच्या अधिकाऱ्यांनी थांबणाऱ्यांना सांगितलं होतं, दंडावर पक्क्या शाईने आपलं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहून ठेवा. हे त्याला आधी, शांतपणे, एकदाच सांग. वाद म्हणून सांगू नकोस. मार्कर शोधायला लागला तर बहुधा किल्ल्याही शोधेल.

हे उत्तर तुझ्या घरापुरतं, बरं का. वेस्ली चॅपलच्या त्या मैत्रिणीने उद्या विचारलं तर मी तिला ‘हलू नकोस’ म्हणेन. झोनबाहेर, पक्क्या घरात, आठवडाभराचं पाणी आणि खाणं घेऊन बसणं हेच तिचं शहाणपण, आणि तिने गाडी काढली नाही तर तुमचा रस्ता तेवढा मोकळा. फक्त तिला जनरेटरचं बजावून ठेव: घराबाहेर, खिडक्यांपासून वीस फूट तरी लांब, गराजचं दार उघडं ठेवूनही आत नको. वादळ सरल्यावर त्या धुराने झोपेतच गेलेली घरं दर मोसमात असतात. २०२० च्या लॉराच्या वेळी लुइझियानात वादळाच्या मृतांमध्ये अशांचाच भरणा होता.

तुझी,
ताई

ता. क. : घराच्या नेहमीच्या विम्यात समुद्राचं चढलेलं पाणी येत नाही. त्याला वेगळा फ्लड इन्शुरन्स लागतो, आणि सरकारी योजनेतला घेतल्यापासून साधारण तीस दिवसांनी लागू होतो. पत्रात तू त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. नसेल तर एजंटला या आठवड्यातच फोन कर.